दारू सोडणाऱ्यांचं स्वयंसेवी सपोर्ट नेटवर्क आणि त्यांची रिजनल कोऑर्डिनेटर सिस्टिम: आतून बघितलेला रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच. नेटवर्कचं नाव देत नाहीये, तिथे सगळे नुसत्या पहिल्या नावाने किंवा टोपणनावाने वावरतात आणि माझ्या लिहिण्यामुळे कोणाची ओळख उघडी पडू नये. तसंही हा रिव्ह्यू नेटवर्कचा कमी आणि त्यांनी मध्यंतरी जी रिजनल कोऑर्डिनेटरची नवीन पदं तयार केली त्या सिस्टिमचा जास्त आहे, कारण माझ्या मते सगळा फरक तिथेच पडला. मी मेंबर आहे, आठवड्यातून एकदा फोन ड्युटी करते, कोऑर्डिनेटर कधीच नव्हते.

आधी हे नेमकं काय आहे ते सांगते. दारू सोडलेल्या आणि सोडायला बघणाऱ्या लोकांनी एकमेकांसाठी चालवलेली गोष्ट आहे. फी नाही, पगारी माणूस एकही नाही. रोज ऑनलाइन मिटिंगा असतात, एक फोन लाइन आहे जिथे पलीकडे आपल्यासारखंच कोणीतरी असतं, आणि जिथे पुरेशी माणसं जमतात तिथे प्रत्यक्ष भेटी. हे ट्रीटमेंट सेंटर नाही, डॉक्टर नाही, काउन्सेलर नाही. फुकट आहे म्हणून हलकं समजू नका मात्र. 2020 मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, या दारू सोडणाऱ्यांच्या जगभरातल्या संघटनेवरचे आणि तिथे लोकांना जोडून देणाऱ्या उपचारांवरचे 27 अभ्यास एकत्र करून तपासले, दहा हजारांवर माणसं होती त्यात, आणि दारूपासून पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत हा मार्ग इतर नावाजलेल्या थेरपींपेक्षा कमी नाही, उलट सरसच दिसला. आमचं नेटवर्क एए नाही, पण एकाने दुसऱ्याला धरून ठेवायचं हे मूळ तेच.

तर पूर्वी सगळं दोन-तीन लोकांच्या डोक्यावर होतं. ज्यांनी सुरू केलं तेच मिटिंग लावणार, तेच लिंक पाठवणार, नवीन माणसाशी तेच बोलणार, कोणाचं वाजलं तर तेच मिटवणार. माणसं कमी होती तोवर चाललं. मग मेंबर वाढले, लांबलांबून वेगवेगळ्या भाषांचे लोक यायला लागले, एकाची मध्यरात्र ती दुसऱ्याची दुपार, आणि मेसेज पडून राहायला लागले. दारूच्या बाबतीत मेसेज पडून राहणं फार वाईट असतं हो. तलफ चढते आणि बऱ्याचदा थोड्या वेळाने उतरतेही, तेवढा वेळ कोणी बोलत राहिलं तर माणूस पार होतो, आणि सकाळी उठून कोणी कितीही प्रेमाने उत्तर दिलं तरी त्या रात्रीपुरता उशीर झालेला असतो. चालवणारे लोक चांगलेच होते, मनापासून करत होते, पण तेही शेवटी दारू सोडलेलीच माणसं, त्यांनाही झोप लागते, त्यांच्याही घरी आजारपणं असतात, आणि थकलेल्या माणसाला स्वतःची तलफ सांभाळणं जड जातं हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

मग त्यांनी रिजन पाडले. मला सगळ्यात आवडलं ते हे की रिजन नकाशावर रेघा मारून पाडले नाहीत, घड्याळ आणि भाषा बघून पाडले. ज्यांची रात्र साधारण एकाच वेळी होते आणि जे एका भाषेत रडू शकतात ते एका रिजनमध्ये. रडू शकतात हा शब्द मुद्दाम लिहिलाय, कारण कामापुरती भाषा सगळ्यांना येते पण मध्यरात्री तोंडातून जे निघतं ते आपल्याच भाषेत निघतं. प्रत्येक रिजनला एक कोऑर्डिनेटर आणि पहिल्या दिवसापासून एक जोडीदार. जोडीदाराशिवाय पद भरायचंच नाही असा नियम. दोघांपैकी एकाला कधीही, काहीही कारण न सांगता बाजूला होता येतं.

कोऑर्डिनेटरची कामं कागदावर दीड पानभर आहेत आणि ती वाचली की लक्षात येतं हे मानाचं पद नाही, पाठपुराव्याचं काम आहे. फोन ड्युटीचा तक्ता लावायचा, नवीन माणसाला पहिल्याच दिवशी कोणातरी एकाशी जोडून द्यायचं, मिटिंग चालवणारा आला नाही तर दुसरा उभा करायचा, नवीन लोकांना मिटिंग चालवायला शिकवायचं, जवळच्या हॉस्पिटलांची आणि डॉक्टरांची यादी ताजी ठेवायची. पैशाला हात लावायचा नाही, ते वेगळ्या दोघांकडे. कोणाला मेंबर करून घ्यायचं किंवा काढायचं हा अधिकार नाही. मिटिंगमध्ये कोणी काय बोलावं हे ठरवायचा तर अजिबातच नाही.

आता हे प्रत्यक्षात कसं चालतं त्याचं एक उदाहरण देते, ओळख पटेल असं काही न लिहिता. रात्री उशिरा ड्युटीवर होते, एका नवीन माणसाचा मेसेज आला, दोनच शब्द, "कोणी आहे?" पूर्वी असा मेसेज मोठ्या ग्रुपमध्ये पडायचा आणि सकाळी त्याच्याखाली बरेच बदाम दिसायचे. आता ड्युटीवरच्या माणसासमोर एक कार्ड असतं, कोऑर्डिनेटरने बनवून दिलेलं, आणि त्यावरचे पहिले प्रश्न भावनेचे नाहीतच. शेवटचं कधी प्यायलात? रोज किती होती? हात थरथरतायत का, घाम येतोय का, जे नाही ते दिसतंय का? आधी कधी फिट आलीये का? आत्ता घरात कोणी आहे का? माणूस म्हणाला कालपासून पूर्ण बंद केली, वर्षानुवर्षं रोज प्यायचो, आता कप धरता येत नाहीये. कार्डावर अशा उत्तरासमोर लाल खूण आहे. मी बोलत राहिले आणि दुसऱ्या बाजूने कोऑर्डिनेटरला कॉल टाकला, त्यांनी यादीतून त्या माणसाच्या जवळचं इमर्जन्सी असलेलं हॉस्पिटल काढलं, घरातल्या माणसाला उठवायला लावलं आणि ते लोक तिथे पोचले हे कळेपर्यंत आम्ही दोघीही लाइनवर होतो.

हे इतकं सविस्तर लिहिलं कारण खूप जणांना अजून वाटतं की दारू सोडायची म्हणजे एका रात्रीत बंद करायची आणि मन घट्ट ठेवायचं. रोज जास्त पिणाऱ्याने अचानक बंद केली की काही तासांतच थरथर सुरू होऊ शकते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात डिलिरियम ट्रेमेन्स होऊ शकतं, ज्यात माणूस भ्रमात जातो आणि उपचार नाही मिळाले तर जिवावर बेतू शकतं. इथे धीर देणारा मित्र पुरत नाही, डॉक्टर लागतो. स्वयंसेवकाने हे ओळखायचं आणि पुढे पाठवायचं, एवढंच त्याचं काम. कोऑर्डिनेटर हे कार्ड दर नवीन ड्युटीवाल्याकडून तोंडी म्हणून घेतात, आणि माझ्या मते सगळ्या सिस्टिममध्ये ही एक गोष्ट जरी झाली तरी पदं काढल्याचं सार्थक आहे. कुठलाही रिजनल लीडर चांगला की वाईट हे मी एवढ्यावरूनच ठरवते, की नवीन माणसाच्या पहिल्या काही तासांत काय होतं. बाकी मिटिंगा किती भरल्या, ग्रुपमध्ये किती जण आहेत, हे आकडे मला तरी काही सांगत नाहीत.

गोळ्यांबद्दलही तसंच. काही जुने मेंबर नवीन लोकांना सांगायचे की गोळी घेऊन सोडली ती काय सोडली. आता कोऑर्डिनेटरच्या ट्रेनिंगमध्ये स्पष्ट सांगतात, नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम ही दारू सोडायला देतात ती औषधं किंवा डिप्रेशनची औषधं हा डॉक्टर आणि पेशंटमधला विषय, आपण त्यात पडायचं नाही. एएसुद्धा आपल्या मेंबरांना हेच सांगतं की कोणी डॉक्टर बनू नये. हे बोलणारा माणूस रिजनमध्ये असल्यामुळे निदान आमच्याकडे तरी ते टोमणे बंद झालेत.

निवड कशी होते ते मला फार पटलं. ही पद्धत एएमधून घेतलीये, तिथे डेलिगेट, म्हणजे प्रतिनिधी, निवडताना वापरतात. दोन तृतीयांश मतं मिळाली तर माणूस निवडला. नाही मिळाली तर पुन्हा मतदान, मागे राहिलेले गळत जातात, आणि फेऱ्या होऊनही कोणाला दोन तृतीयांश मिळत नसतील तर शेवटी चिठ्ठ्या टाकतात. हो, चिठ्ठ्या! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला विचित्र वाटलं होतं, इतकी जबाबदारीची जागा आणि चिठ्ठी? पण आमच्या रिजनची निवड बघितली आणि पटलं. दोन जण उभे होते, दोघंही चांगले, दोघांचेही आपापले लोक, आणि दोन फेऱ्यांनंतर बोलण्यात धार यायला लागली होती. साध्या बहुमताने एक जिंकला असता तर उरलेले जवळजवळ अर्धे लोक हरले असते. चिठ्ठी काढली आणि हवाच बदलली, कोणी कोणाला हरवलंच नव्हतं. ज्यांची चिठ्ठी निघाली नाही तेच दादा जोडीदार झाले आणि आज ड्युटीचा तक्ता तेच लावतात.

मुदत दोन वर्षं, आणि त्याच पदावर लगेच परत उभं राहता येत नाही. यावर आत बरीच चर्चा झाली होती, काम शिकेपर्यंतच वर्ष जातं, चांगल्या माणसाला का घालवायचं वगैरे. मी मुदतीच्या बाजूची आहे, ठामपणे. दारू सोडलेल्या माणसाला नवीन ओळख हवी असते, आणि पद मिळालं की ती ओळख पदालाच चिकटते. मग पद गेलं तर माझं काय, ही भीती आत शिरते, आणि त्या भीतीतून माणसं नेटवर्क धरून बसतात. जाण्याची तारीख आधीपासून माहीत असली की माणूस दुसऱ्याला शिकवायला लागतो.

इथे थोडा इतिहास सांगते कारण या गोष्टी हवेतून आलेल्या नाहीत. 1840 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला सहा पिणाऱ्यांनी मिळून वॉशिंग्टोनियन नावाची चळवळ सुरू केली, एकमेकांना आपली गोष्ट सांगायची आणि सोडायची. पसरली पण झपाट्याने, लाखोंनी लोक आले. आणि काही वर्षांतच विरली, कारण बाहेरचे वाद आत आले, दारूबंदीचं राजकारण आलं, भाषणं देणारे पुढारी मोठे झाले आणि हे सगळं धरून ठेवेल अशी चौकट नव्हती. एए 1935 मध्ये सुरू झालं आणि त्यांनी 1950 मध्ये ज्या बारा परंपरा स्वीकारल्या त्यात हे धडे दिसतात. नेते हे विश्वासाने नेमलेले सेवक, ते राज्य करत नाहीत. प्रत्येक ग्रुप स्वतःच्या कारभाराला मोकळा. संघटनेचं जाळं उभारायचं नाही, पण सेवेसाठी समित्या करता येतील आणि त्या ज्यांची सेवा करतात त्यांनाच जबाबदार राहतील. आणि 1955 मध्ये सेंट लुईसला एए सुरू करणाऱ्या बिल विल्सनने कारभार निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या परिषदेकडे सोपवला, म्हणजे सुरू करणारा माणूस हयात असताना, चालता-बोलता असताना. आमच्या नेटवर्कच्या सुरू करणाऱ्यांनीही तेच केलं, रिजन झाल्यावर ते साधे मेंबर म्हणून मिटिंगला यायला लागले आणि शेअरिंगला आपला नंबर येईपर्यंत थांबतात. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे यासाठी.

सगळीकडे असंच असतं असं नाही. स्मार्ट रिकव्हरी नावाच्या दुसऱ्या सपोर्ट नेटवर्कमध्ये मिटिंग घेणाऱ्याने स्वतः कधी दारू सोडलेली असलीच पाहिजे असं नाही, पण ट्रेनिंग घेतलेलं हवं. आमच्याकडे दोन्ही लागतं, म्हणजे स्वतः काही वर्षं सोबर, दारूपासून लांब, असणं आणि वर ट्रेनिंग. मला हे बरोबर वाटतं कारण कोऑर्डिनेटरचं काम मिटिंग घेण्यापुरतं नाही, रात्री समोरचा खोटं बोलतोय हे ऐकूनच कळावं लागतं, आणि ते ज्याने स्वतः तसं बोललंय त्याला लवकर कळतं.

आता अवघड भाग. कोऑर्डिनेटरचीच स्लिप झाली, म्हणजे तोच परत प्यायला, तर? पदं काढताना हा प्रश्न कोणालाच नको होता पण एका ताईंनी तो लावून धरला आणि बरं झालं. कारण पद जितकं मोठं तितकं लपवायचं कारण मोठं. साधा मेंबर दुसऱ्या दिवशी येऊन सांगतो की काल प्यायलो. कोऑर्डिनेटर विचार करतो की सगळा रिजन माझ्याकडे बघतोय, मी काय तोंड दाखवू, आणि मग एकटाच पीत राहतो. म्हणून नियम असा केला की स्लिप झाली की त्याच दिवशी जोडीदार काम हातात घेतो, जाहीर करताना फक्त "सध्या जोडीदार काम बघतील" एवढंच, आणि तो माणूस पुढच्या मिटिंगला नवीन माणसासारखा येतो. त्याला फोन करायला वेगळा माणूस आधीच ठरलेला असतो, दुसऱ्या रिजनमधला. काढून टाकलं असं कोणी म्हणत नाही. हे एका रिजनमध्ये घडलं आणि तो माणूस टिकून आहे, अजून मिटिंगला येतो, पद परत मागितलं नाही. जोडीदार पहिल्या दिवसापासून का लागतो याचं उत्तर हेच.

बायकांसाठी एक वेगळी गोष्ट लिहिते कारण रिव्ह्यू वाचून कोणी यायचा विचार करत असेल तर ते महत्त्वाचं आहे. नुकतीच दारू सोडलेली बाई एकटी असते, हळवी असते, आणि अशा ठिकाणी जुना मेंबर मदतीच्या नावाखाली जवळीक करायला बघतो हे जगभर सगळ्या ग्रुपांमध्ये घडत आलंय. आमच्याकडे नवीन बाईला बाईशीच जोडतात, आणि तक्रार करायची असेल तर ती आपल्या रिजनच्या कोऑर्डिनेटरकडे जात नाही, दुसऱ्या रिजनच्या दोघींकडे जाते. म्हणजे ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याचा मित्रच ती वाचणार असं होत नाही. ही सोय पदं रिजनवार झाल्यामुळेच शक्य झाली, सगळं त्याच दोघा-तिघांकडे होतं तेव्हा जाणार कुठे?

तर मग एक स्टार का कापला. एक म्हणजे हँडओव्हर. मागच्या बदलाच्या वेळी आमच्या जुन्या कोऑर्डिनेटरनी सगळी माहिती स्वतःच्या फोनमध्ये आणि डोक्यात ठेवली होती, कोण सध्या नाजूक आहे, कोणाला कोणत्या वेळी फोन केलेला चालतो, कोणाच्या घरी कळता कामा नये. नवीन माणसाला तक्ता मिळाला, हे मिळालं नाही, आणि काही मेंबर मधल्या काळात सुटले. त्यातले सगळे परत आले नाहीत. यासाठी महिनाभर दोघांनी बरोबर काम करायचा नियम हवा, अजून तो नुसता सल्ला आहे. पण दुसरीकडे उलटी चूक पण झाली, एका रिजनने सगळ्या मेंबरांची नावं, नंबर, सोबर असल्याची तारीख अशी शीट बनवली आणि ती सगळ्या ड्युटीवाल्यांना उघडी होती. ओरड झाल्यावर बंद केली, पण अशी शीट बनायलाच नको होती. नाव न सांगता यायचं म्हणून लोक आले होते. फोनवरची नाजूक माहिती एका माणसाने दुसऱ्याला बोलून द्यावी, आणि तीही त्या मेंबरला विचारून.

दुसरं म्हणजे रिपोर्ट. कोऑर्डिनेटर लोकांनी दर महिन्याला आपापसात मिटिंग सुरू केलीये, चांगलंच आहे, पण त्यातून फॉर्म यायला लागलेत. किती नवीन आले, किती टिकले, किती मिटिंगा झाल्या. असे आकडे गोळा व्हायला लागले की एक रिजन दुसऱ्याकडे बघायला लागतो आणि मग ज्याची स्लिप झाली तो माणूस नकळत आकडा खराब करणारा होतो. हे मी मिटिंगमध्येही बोललेय आणि इथेही लिहिते, माझी विनंती आहे की टिकले किती हा रकाना काढून टाका.

कोणी यावं? एकट्याने सोडायचा प्रयत्न करून दमलेल्या प्रत्येकाने. घरच्यांसाठी मात्र हे नाही, त्यांना स्वतःचा वेगळा आधार लागतो, अल-अॅनॉन 1951 पासून त्यासाठीच आहे. रोज भरपूर पीत असाल तर आधी डॉक्टरला भेटा आणि मग या, किंवा फोन करा, आम्ही तेच सांगू. आणि कोणी स्वतःचं असं नेटवर्क चालवत असाल, मेंबर वाढत असतील आणि सगळं दोघा-तिघांवर असेल, तर ते दमायची वाट बघू नका, आत्ताच घड्याळ आणि भाषा बघून दोन रिजन करा, दोनच पुरे, प्रत्येकात जोडी नेमा, जाण्याची तारीख पहिल्याच दिवशी लिहून टाका आणि रात्रीच्या ड्युटीचं कार्ड आधी बनवा. आमच्या कार्डाचा कच्चा मसुदा एका डॉक्टरांनी तपासून दिला होता, तुम्हीही तसाच तपासून घ्या, परस्पर वापरू नका.

पुढची निवड झाली की हँडओव्हर कसा झाला ते बघून स्टार बदलेन.